अधिकच्या चिन्हाला आत सोडताना

हा लेख पाठवतानाच पहिली ठेच लागली. संपादकांचा निरोप होता की अंकाच्या वेबसाइटवर नाव-गाव भरायचं आणि मग लेख चढवायचा. मी नाव भरलं, मधल्या आद्याक्षरापुढे टिंब दिलं. लगेच लाल अक्षरांत उत्तर आलं, 'नावात अवैध चिन्ह आहे.' कुठलं चिन्ह, कुठे, काही पत्ता नाही. मी चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. आमचे हे पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "भोग आता. आयुष्यभर लोकांना हेच ऐकवलंस."

खरं तर मला राग यायला हवा होता. पण खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. आपण निवृत्त झालो तरी आपला धंदा बसलेला नाही, हे पाहून कोणाला बरं वाटत नाही? फक्त ज्या कोणी ती वेबसाइट केली असेल त्याला एवढंच सांगणं आहे की बाबा रे, माणसाला दारात अडवायचं तर जरूर अडव, पण त्याच्या हातातलं काय चालत नाही ते तरी त्याला सांग.

कारण माझी सगळी नोकरी याच कामात गेली. पुण्यातल्या एका मोठ्या कारखान्याच्या संगणक विभागात मी होते. तिथे एक मेनफ्रेम होता. मेनफ्रेम म्हणजे थंड खोलीत ठेवलेला, कपाटाएवढा, कधीही बंद न होणारा आणि कोणाचंही न ऐकणारा संगणक. त्याला हुकूम द्यायची भाषा कोबोल. ती इंग्रजी वाक्यांसारखी लिहायची आणि वाक्य संपलं की पूर्णविराम द्यायचा. पूर्णविराम विसरला की मशीन रुसायचं. आजकालच्या मुलांना कोबोल म्हटलं की मी मोडी लिपी वाचते असं वाटतं. वाटू दे.

कारखान्यातले शंभर विभाग त्या मशीनला माहिती पाठवायचे. नावं, पत्ते, सुट्ट्या, सुट्या भागांची वर्णनं, असं सगळं. ती आत जाण्याआधी माझ्या प्रोग्रॅमपुढे उभी राहायची. तो एकेक अक्षर तपासायचा. इंग्रजी मोठी अक्षरं चालतील, आकडे चालतील, मोकळी जागा, टिंब आणि आडवी रेघ चालेल. बाकी कोणी दिसलं की बाहेर. विभागात सगळे त्या प्रोग्रॅमला 'वॉचमन' म्हणत, आणि मला 'वॉचमनबाई'. जेवणाच्या सुट्टीत कोणी डबा उघडला की हमखास विचारणार, "बाई, लोणचं चालेल ना? की अवैध आहे?"

लोकांना वाटतं हे काय काम झालं, अक्षरं तर अक्षरं. अहो, तसं नाही. त्या मशीनमध्ये इंग्रजी बाराखडीसुद्धा एका रांगेत उभी नाही. आय आणि जे यांच्यामध्ये फट आहे, आर आणि एस यांच्यामध्ये फट आहे, आणि त्या फटींमध्ये महिरपी कंस वगैरे मंडळी दबा धरून बसलेली आहेत. नवा भरती झालेला प्रत्येक हुशार इंजिनिअर पहिल्या आठवड्यात लिहायचा, 'ए पासून झेडपर्यंत सगळे आत सोडा.' झालं. कंस आत शिरायचे, आणि मग महिन्याभराने खरेदी विभागातून फोन यायचा की आमच्या पुरवठादाराच्या नावात हे झुंबर कोणी टांगलं? मी त्या इंजिनिअरला काही बोलायची नाही. फक्त चहा पाजायची आणि तीन तुकड्यांत तपासणी कशी लिहायची ते दाखवायची.

सगळ्यात वाईट ती चिन्हं, जी दिसतच नाहीत. मनुष्यबळ विभागातले एक गृहस्थ सगळा मजकूर आधी वर्डमध्ये सजवत आणि मग तिथून उचलून चिकटवत. त्यांच्या अवतरणचिन्हांना शेपट्या असायच्या. आमच्याकडे येईपर्यंत त्या शेपटीचं काहीतरी भलतंच व्हायचं, पडद्यावर मात्र नुसती मोकळी जागा दिसायची. ते म्हणायचे, "काहीच तर नाहीये तिथे." मी म्हणायचे, "तुम्हाला दिसत नाही, मशीनला दिसतं." ते माझ्याकडे जरा घाबरूनच बघायचे.

आणि मग आली मोबाइलवरून रजा टाकायची सोय. रंगकाम विभागात प्रमोद नावाचा एक कामगार होता, अतिशय नम्र. तो रजेच्या अर्जात कारणापुढे न चुकता हात जोडलेलं ते पिवळं चित्र टाकायचा. मोबाइलला ते एक चित्र वाटतं, पण ते चार अक्षरांची जागा अडवतं. आमच्या मशीनमध्ये प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली, रेल्वेच्या आरक्षणासारखी. तेव्हा वॉचमन फक्त जुन्या वाटांवर उभा होता, या नव्या वाटेवर त्याला अजून उभं केलेलं नव्हतं. त्यामुळे प्रमोदच्या एका नमस्काराने पुढची सगळी ओळ सरकली आणि मशीनच्या मते तो रंगकामातून कँटीनमध्ये बदलून गेला. कँटीनच्या मुकादमाने त्याला गैरहजर लावलं. प्रमोद माझ्याकडे आला आणि काय करणार, हात जोडून उभा राहिला. मी म्हटलं, "अरे बाबा, तेच नको आहे."

आमचे साहेब दामले. आज जिवंत आहेत, हा लेख वाचणार आहेत आणि त्यातल्या चुका काढणार आहेत, हे मला माहीत आहे. वॉचमनचे मूळ नियम त्यांचे. त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो मी अजून पाळते. चुकीचं चिन्ह दिसलं तर ओळ थांबवायची, परत पाठवायची, पाठवणाऱ्याच्या नावाने बोंब मारायची. पण गुपचूप पुसायचं नाही. "आपण पहारेकरी आहोत, झाडूवाले नाही," असं ते म्हणायचे. "आलेला माणूस परत पाठवला तर तो भांडायला तरी येतो. त्याच्या हातातली पिशवी आपण हळूच काढून घेतली, तर त्याला घरी गेल्यावर कळतं."

म्हणून आमचा वॉचमन भांडखोर होता. त्याचे संदेशही मीच लिहिले होते, पुण्याला साजेसे. एकाच माणसाने तीच चूक तिसऱ्यांदा केली की पडद्यावर इंग्रजीत यायचं, 'मागच्या वेळचं उत्तर अजून लागू आहे.' त्यावरून एकदा विक्री विभागाने तक्रार केली होती. दामले साहेबांनी ती तक्रार वाचली आणि त्यात तीन अवैध चिन्हं आहेत म्हणून परत पाठवली.

साहेबांचा दुसरा सिद्धांत मात्र मला कधीच पटला नाही. प्रोग्रॅममध्ये काहीही बदल केला की माथ्यावर आपली आद्याक्षरं आणि बदलाचं कारण लिहायचं असतं. साहेब म्हणत, कारण एका ओळीत मावलं पाहिजे. ज्याला जास्त लागतं त्याला बदल कळलेला नाही. आता खऱ्या जगातली कारणं एका ओळीत मावतात होय? त्यामुळे आमच्या विभागात एक ठरलेला मंत्र झाला होता, 'ॲज पर युजर'. म्हणजे वापरणाऱ्याने सांगितलं म्हणून. का सांगितलं, कोणी सांगितलं, ते देवाला ठाऊक. आमच्या मशीनमधल्या अर्ध्याअधिक बदलांचं कारण तेवढंच आहे.

आता मूळ गोष्ट.

कारखान्याचा स्वतःचा दवाखाना होता, आणि कामगारांना, निवृत्तांना डायलिसिससाठी रुग्णालयात नेणारी गाडी होती. रोज संध्याकाळी आमचं मशीन दुसऱ्या दिवशीच्या गाडीचा कागद छापायचं. नाव, पत्ता, वेळ, आणि शेवटी शेरा. शेऱ्याला तीस अक्षरांची जागा. त्यात दवाखान्यातली शोभा घराच्या खुणा भरायची, कारण नुसत्या पत्त्यावरून कसब्यातलं घर सापडलं तर तो चमत्कारच.

एके काळी त्या शेऱ्यांत रोज अधिकचं चिन्ह यायला लागलं. पहिल्याच जागेवर. वॉचमन रोज ती ओळ परत पाठवायचा, शोभा रोज पुन्हा तीच भरायची. शेवटी ती तणतणत वर आली. "बाई, तुमच्या त्या यंत्राला जरा माणुसकी शिकवा. अधिक म्हणजे खुर्ची. पेशंटला जिना उतरवत नाही, लिफ्ट नाही, तर दांड्यांची खुर्ची आणि दोन माणसं जास्तीची न्यायची. तीस अक्षरांत मी देऊळ लिहू, बोळ लिहू, की खुर्ची लिहू? आम्ही दवाखान्यात तेवढी खूण ठरवलीय. ड्रायव्हरला कळतं, मलाही कळतं, तुम्हालाच तेवढं कळत नाही."

मला पटलं. साहेबांना पटलं नाही. "आज अधिक, उद्या वजा, परवा भागाकार," ते म्हणाले. "आपण इथे गणिताची शिकवणी घेतो का?" आम्ही त्यावर आठवडाभर भांडलो. शेवटी त्यांनी मान्य केलं. फक्त शेऱ्यात, फक्त पहिल्या जागेवर, फक्त एक अधिक. मी माथ्यावर कारण लिहायला घेतलं तर ते एका ओळीत मावेना. साहेब मागे उभे. म्हणाले, "लिहा, ॲज पर युजर." मी लिहिलं, मनातल्या मनात चार शब्द ऐकवून.

वर्षं गेली. साहेब निवृत्त झाले, मग मी झाले. साहेबांची मूत्रपिंडं थकली आणि गेल्या वर्षीपासून तेही त्या गाडीचे प्रवासी झाले. ते कसबा पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहतात. जिना लाकडी, इतका उभा आणि अरुंद की मी धडधाकट असून दोराला धरून चढते. पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला बसूही दिलं नाही. "जोगळेकर बाई, अभिनंदन. तुमचं अधिकचं चिन्ह मला लागलं."

"भागाकारापेक्षा बरं, साहेब," मी म्हटलं. वहिनी आतून हसल्या.

या वर्षी कारखान्याने मेनफ्रेम बंद करायचं ठरवलं. नवी प्रणाली आली आणि ती बसवायला एक तरुण मंडळींचा गट आला. त्यांची मुख्य ऋतुजा. वर्ध्याची मुलगी, तिशीही उलटली नसेल, बोलायला मोकळी आणि डोक्याने लखलखीत. तिच्या शंका सोडवायला मला सल्लागार म्हणून बोलावत. दारातला खराखुरा वॉचमन माझी पर्स उघडून आत काय आहे ते बघायचा. मी ती आपणहून पुढे करायची. त्याची कामावरची निष्ठा मला कळत होती.

ऋतुजा मला जे समजत नाही ते विचारायची. पण 'ॲज पर युजर' जिथे लिहिलेलं होतं तिथे विचारायला काही उरतच नव्हतं. शोभा निवृत्त होऊन मुलाकडे गेली होती. गाडीही कारखान्याची राहिली नव्हती, नवी प्रणाली सुरू झाली त्याच आठवड्यात ती एका एजन्सीला दिली होती, आणि ओळखीचे ड्रायव्हर गेले होते. नव्या प्रणालीतून पहिला कागद निघाला तो सोमवारी.

मंगळवारी सकाळी साहेबांचा फोन आला.

"जोगळेकर बाई, मी सकाळपासून बूट घालून बसलोय."

"गाडी आली नाही?"

"आली ना. ती खाली, मी वर. थोडा वेळ आम्ही एकमेकांना पाहिलं. मग तिला दुसरी कामं होती."

"आणि खुर्ची?"

"खुर्ची नव्हती. एकटा ड्रायव्हर होता. तुमच्या चिन्हाची काही खबर आहे का?"

आवाज नेहमीसारखाच होता, पण दोन शब्दांमध्ये ते थांबत होते. मग वहिनींनी फोन घेतला. त्या बोलायला लागल्या तेव्हा मला कळलं की गंमत संपलेली आहे. पाय सुजले होते, आडवं झालं की धाप लागत होती. रुग्णालयाने सांगितलं होतं की उद्या सकाळी डायलिसिसचं एक मशीन मोकळं आहे. तीही पाळी चुकली तर सरळ भरती करावं लागेल, मग काय होईल ते सांगता येत नाही. शेजारच्यांनी दोन पायऱ्या उतरवून पाहिलं होतं आणि घाबरून परत वर नेलं होतं.

मी एजन्सीला फोन केला. तिथला माणूस फार गोड बोलला. "कागदावर येईल तसं आम्ही पाठवतो, मॅडम. खुर्ची आणि जास्तीची माणसं कागदात असतील तर नक्की जातील." मी म्हटलं, मी तोंडी सांगते आहे ना. तो म्हणाला, "तोंडी तर सगळेच सांगतात." मला त्याचा राग येईना. नोकरीत असताना मीही हेच उत्तर दिलं असतं.

मी रिक्षा करून कारखाना गाठला. पर्स तपासून घेतली. ऋतुजा जागेवर होती. मी तिला जुन्या मशीनवर साहेबांचा शेरा काढून दाखवला, मग नव्या कागदावरचा. देऊळ होतं, बोळ होता, पहिल्या जागेवरचं अधिक नव्हतं.

"गेलं कुठे ते?" मी विचारलं.

"आपण क्लीन करतो ना, मॅडम. जे चिन्ह यादीत नाही ते काढून टाकतो. युजरला त्रास नको म्हणून."

"काढलं हे कोणाला कळवता?"

"कोणालाच नाही. तेच तर चांगलं आहे ना त्यात."

मला एकदम इतका संताप आला की मी खुर्चीत बसून घेतलं. तिच्यावर नव्हता. त्या शांतपणाचा आला. आमचा वॉचमन असता तर त्याने सोमवारीच थयथयाट केला असता, ओळ परत पाठवली असती, कोणीतरी शिव्या देत वर आलं असतं आणि मंगळवारी साहेब मशीनला लागले असते. इथे सगळं स्वच्छ, नीटनेटकं होतं, आणि एक माणूस दुसऱ्या मजल्यावर बूट घालून बसलेला होता.

मी तिला ते चिन्ह म्हणजे काय ते सांगितलं. खुर्ची, दांडे, दोन माणसं, जिना, साहेब, उद्याची सकाळ, सगळं. तिचा चेहरा उतरला. तिने दोन्ही शेरे पुन्हा ताडून पाहिले. मग म्हणाली, "कोडमध्ये फक्त 'ॲज पर युजर' लिहून होतं, मॅडम. आम्ही दवाखान्यात विचारलं, तिथले सगळे नवीन. कोणी काही सांगेना, म्हणून काढून टाकलं."

"माहितीये. ज्यांनी ते तसं लिहायला लावलं, तेच वर बसलेत."

"म्हणजे दामले सर?"

"तेच ते."

तिला हसू आलं आणि हसू आल्याची लाजही वाटली. मी म्हटलं, हस, ते स्वतः सकाळपासून तेच करतायत. आता तेवढं एक अधिक यादीत घाल.

"नाही घालता येत. या आठवड्यात फ्रीझ आहे, बदल बंद. नियमाला हात लावायचा तर वरून तीन जणांची मंजुरी पाहिजे, आणि त्यातले एक परदेशात आहेत."

गाडीचा कागद संध्याकाळी निघायचा होता. मी माझ्या सगळ्या जुन्या युक्त्या मनातल्या मनात काढून बघत होते. टिंबाचा अधिक करता येईल का, आडव्या रेघेला काही अर्थ देता येईल का, दोन रेघा म्हणजे खुर्ची असं एजन्सीला कळवता येईल का. पुन्हा एक खूण, पुन्हा ती ज्याला माहीत त्यालाच माहीत. मी बोलत होते आणि ऋतुजा माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "मी काय म्हणून राहिले, नियम बदलता येत नाही, पण शेरा तर बदलता येतो ना? तो डेटा आहे. आणि आता शेऱ्याला तीस नाही, अडीचशे अक्षरं आहेत. मग सरळ लिहू या ना, खुर्ची आणा म्हणून."

मी पडद्याजवळ खुर्ची ओढली.

"मराठीत लिहिलं तरी चालते," ती म्हणाली. "देवनागरी आहे यादीत."

उभं आयुष्य ज्या रकान्याच्या दारात मी पहारा केला, तो रकाना एवढा मोठा झाला आहे आणि त्यात आता मराठी चालते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे सांगितलंही असेल. माझंच मन तीस अक्षरांत राहत होतं. मला त्या मुलीचं फार कौतुक वाटलं, आणि थोडा मत्सरही वाटला, दोन्ही लपवत नाही.

मग तिने जुन्या मशीनमधून अधिकवाले सगळे शेरे उपसून काढले. साहेब एकटे नव्हते. येरवड्यात होते, नाना पेठेत होते, मांजरी गावाकडे एक आजीबाई होत्या, ज्यांच्याकडे गाडी अजून गेली नव्हती. ऋतुजा टाइप करत गेली, मी एकेक नाव वाचत गेले. साहेबांचं नाव आलं तेव्हा तिने विचारलं, "यांच्यात अजून काही घालायचं, मॅडम? जागा बरीच आहे." मी तीन वाक्यं सांगितली. तिने माझ्याकडे पाहिलं, पण लिहिलं.

शेवटी तिने फ्रीझ उठल्यावर करायच्या बदलाचं टिपण उघडलं. नियम असा की यापुढे चिन्ह पुसायचं नाही, ओळ थांबवायची आणि पाठवणाऱ्याला कळवायचं. खाली कारणाचा रकाना होता. "सांगा," ती म्हणाली. मी सांगायला लागले ते थांबेचना. खुर्चीपासून सुरू केलं आणि बुटांपर्यंत आले. एवढं लांबलचक कारण मी जन्मात लिहिलं नव्हतं, आणि ते लिहिताना इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कसब्यात गेले. बोळात रिक्षा येत नाही, चालत गेले. खरं सांगते, वाटभर मनात शंकाच शंका. कागदावर बरोबर छापलं गेलं असेल ना, एजन्सीने तो वाचला असेल ना, नव्या कागदाने मराठीचे चौकोन तर केले नसतील ना. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची अक्षरं अडवली त्याला अक्षरांचा भरवसा नसतो.

गाडी बोळाच्या तोंडाशी उभी होती. ड्रायव्हर आणि दोन माणसं खुर्ची घेऊन माझ्यासमोरच जिना चढले. मी त्यांच्या मागून दोर धरून चढले. साहेब बूट घालून बसले होते. चेहरा सुजलेला, ओठ निळसर. मला बघून फक्त भुवई उचलली. बोलायला श्वास पुरत नव्हता. दामले साहेब बोलत नाहीत हे दृश्य मी कधी पाहिलेलं नव्हतं, आणि मला रडू आलं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

ड्रायव्हर मांजरीचा होता, सोपान नाव. त्याने खिशातला कागद काढला आणि खात्री करून घ्यावी म्हणून मोठ्याने वाचायला लागला.

"दामले. दुसरा मजला. खुर्ची आन् दोन मानसं न्यावीत. जिना अरुंद हाय, पाय पुढं करून उतरावं." मग तो अडखळला. साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"वाचा," साहेब म्हणाले.

"पुढं असं हाय की, पेशंट उतरताना सूचना देतील. त्यांना हो म्हनावं. आपलं काम आपल्या पद्धतीनं करावं."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. साहेबांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. श्वास गोळा करायला त्यांना बराच वेळ लागला.

"जोगळेकर बाई," ते म्हणाले, "हे एका ओळीत मावलं असतं."

"नाही मावलं, साहेब."

त्या दोघांनी त्यांना खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला, दांडे उचलले. जिन्याच्या वळणावर खुर्ची तिरकी झाली. मी वरून वाकून बघत होते, दोर घट्ट धरून. खालून त्यांचा आवाज आला, बारीक, तुटक, पण त्यांचाच.

"डावा दांडा वर घ्या."

"हो," दोघं एका सुरात म्हणाले, आणि उजवा वर घेऊन त्यांना नीट खाली घेऊन गेले.